मर्जनंतर हरवलेलं काम आणि गिटचा ग्राफ कसा वाचायचा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या चार जणांच्या एका ऑफिसातून प्रश्न आला आहे. हळद आणि बेदाण्याच्या अडत दुकानांसाठी ते पट्टी आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितात. चौघांपैकी दोघं यंदाच कॉलेजातून बाहेर पडलेली. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट वापरतात, पण सगळं टर्मिनलवर, पाठ केलेल्या पाच-सहा कमांडच्या जोरावर. मागच्या आठवड्यात कोणीतरी फोर्स पुश केलं, म्हणजे सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने आपल्या प्रतीने बदलला, आणि नव्या मुलीचं दोन दिवसांचं काम दिसेनासं झालं. आता ऑफिसात दोन मतं आहेत. एकाचं म्हणणं, इतिहासाचं चित्र (ग्राफ) दाखवणारं एखादं चांगलं साधन घेऊ, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. दुसऱ्याचं म्हणणं, बटणं दाबून शिकलेला माणूस कच्चा राहतो, कमांडच शिकवा. तर खरं कोणाचं, आणि साधन घ्यायचंच तर कोणतं?

आधी हरवलेल्या कामाचं बोलते, कारण त्याला मुदत आहे.

त्या मुलीने ते काम कमिट केलं (म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदवलं) असेल तर ते बहुतेक अजून तिच्याच मशीनवर आहे. फोर्स पुशने सर्व्हरवरचं लेबल हललं, तिच्या डिस्कवरची कमिटं पुसली गेली नाहीत. हेड, म्हणजे तुम्ही ज्या कमिटावर उभे असता ती खूण, कधी कुठे होतं याची एक वही गिट प्रत्येक मशीनवर ठेवतं, तिला रीफ्लॉग म्हणतात. ज्या कमिटांपर्यंत आता कुठल्याच ब्रँचवरून (कामाच्या फांदीवरून) पोचता येत नाही, त्यांच्या नोंदी तुम्ही सेटिंग बदललं नसेल तर ३० दिवस टिकतात. म्हणून आजच, तिच्याच मशीनवर, ‘गिट लॉग --ग्राफ --वनलाइन --ऑल --रीफ्लॉग’ चालवा. जिच्या टोकाला कुठलंच नाव नाही अशी एखादी फांदी दिसेल. ते तिचं काम. त्या टोकाच्या कमिटाचा क्रमांक घ्या, ‘गिट ब्रँच’ वापरून त्याला नाव द्या, आणि मग सावकाश ठरवा त्याचं काय करायचं ते.

कमिट केलं नव्हतं पण ‘गिट अ‍ॅड’ झालं होतं, म्हणजे बदल कमिटसाठी निवडून ठेवले होते, तर ‘गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड’ करून पाहा. फायली नावांशिवाय मिळतील, पण आतला मजकूर मिळेल. अ‍ॅडसुद्धा झालं नसेल तर गिटकडे काहीच नाही. मग व्हीएस कोड वापरत असाल तर त्याच्या टाइमलाइनमध्ये जुन्या सेव्ह शोधा.

हे वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की त्या दिवशी काम हरवलं नव्हतं, ते दिसत नव्हतं. साधं ‘गिट लॉग’ फक्त तुम्ही उभे आहात तिथून मागचा रस्ता दाखवतं. शेजारची फांदी त्यात येत नाही, बिननावाची तर मुळीच नाही. त्या मुलीने लॉग पाहिला, कमिटं दिसली नाहीत, आणि ती घाबरली. तिला संपूर्ण चित्र पाहण्याची सवय असती तर पाच मिनिटांत फांदी सापडली असती.

मी २००८ पासून व्हर्जन कंट्रोल वापरते आहे. सुरुवात टॉरटॉइसएसव्हीएनवर (सबव्हर्जन या जुन्या व्हर्जन कंट्रोलचं विंडोजवरचं साधन) झाली, नंतर गिट. आज माझं बहुतेक काम टर्मिनलवर चालतं, तरी ग्राफ पाहिल्याशिवाय मी एकही मर्ज, म्हणजे दोन फांद्यांची जोडणी, करत नाही. त्यामुळे तुमच्या ऑफिसातलं भांडण मला चुकीच्या जागी चाललेलं वाटतं. पाहायला चित्र हवंच. करायला कमांड घ्या नाहीतर बटण घ्या, जे हाताला बसेल ते. माणूस कच्चा की पक्का हे मी एका गोष्टीवरून ठरवते: बटण दाबण्याआधी, किंवा एंटर मारण्याआधी, त्यानंतरचा ग्राफ कसा दिसेल हे त्याला कागदावर काढता येतं का? येत असेल तर त्याने माऊस वापरला की कीबोर्ड, याने काही बिघडत नाही. येत नसेल तर कमांड पाठ असूनही तो अंधारातच चालतो आहे.

गिटच्या बाबतीत चित्राला इतकं महत्त्व का, याचं कारण त्याच्या रचनेत आहे. १९८२ च्या सुमारास वॉल्टर टिची यांनी आरसीएस हे व्हर्जन कंट्रोल लिहिलं, त्यात प्रत्येक फाइलचा इतिहास वेगळा होता. पुढे सबव्हर्जनमध्ये पूर्ण रेपोला (प्रोजेक्टच्या सगळ्या फायलींच्या साठ्याला) एकच चढता क्रमांक आला: १, २, ३, ४. अशा इतिहासाला यादी पुरते. म्हणून टॉरटॉइसचं चित्र वेगळ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं: माझी ही फाइल बदलली आहे की नाही? फोल्डरवर हिरवी खूण किंवा लाल खूण, बस्स. ती खूण कधीकधी दिसायचीच नाही, कारण विंडोजमध्ये अशा खुणांसाठी मोजून १५ जागा असतात आणि इतर प्रोग्राम त्या आधीच अडवून बसतात. तेव्हा आम्ही कितीदा तरी विनाकारण रिइन्स्टॉल केलं.

२००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलसाठी, जिथे असंख्य माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना काम करत होती. तिथे एका ओळीतली यादी पुरणार नव्हती. गिटमधलं कमिट म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या फायलींचं पूर्ण चित्र, लिहिणाऱ्याचं नाव, वेळ, संदेश, आणि आपल्या आईचा, म्हणजे आधीच्या कमिटाचा, क्रमांक. मर्ज असेल तर दोन आया. मुलीला आई माहीत असते, आईला मुली माहीत नसतात, त्यामुळे सगळे बाण मागच्या बाजूला जातात. ब्रँच म्हणजे एखाद्या कमिटाचा ४० अक्षरी क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी, त्यापलीकडे काही नाही. ग्राफ ही वरून चढवलेली सजावट नव्हे, आत साठवलेली माहितीच त्या आकाराची आहे.

नव्या मुलांना हे शिकवताना मी लॅपटॉप बंद करायला लावते. गणपती पेठेतून टिकल्यांची पाकिटं आणते आणि व्हाइटबोर्डवर टिकल्या चिकटवते. टिकली म्हणजे कमिट. मार्करने मागच्या टिकलीकडे बाण. ब्रँच म्हणजे चिकटचिठ्ठी. नियम एकच: एकदा लावलेली टिकली हलवायची नाही, चिठ्ठी मात्र हवी तिकडे हलवता येते. मग मी विचारते, आता रिबेस केलं, म्हणजे ही फांदी दुसऱ्या टोकावर लावली, तर काय होईल? पहिल्यांदा सगळेच टिकल्या उचलून दुसरीकडे लावायला जातात. नियम आठवला की थांबतात. मग कोणीतरी नव्या टिकल्या काढतं, त्याच रंगाच्या पण वेगळ्या, त्या नव्या जागी लावतं आणि चिठ्ठी तिकडे नेतं. जुन्या टिकल्या तिथेच, बिननावाच्या. रिबेस, रीसेट, फोर्स पुश, सगळं या एका दुपारी समजतं. कुठल्याही साधनाच्या आधी हे करा, आणि तुमच्या त्या दोघांनाच नव्हे, चौघांनाही बसवा.

आता ग्राफ वाचण्याबद्दल. साधनं चित्र काढतात, पण त्यात काय खरं आणि काय फक्त मांडणीसाठी, हे कोणी सांगत नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. लोकांना वाटतं निळी रेघ म्हणजे मेन ब्रँच आणि नारिंगी म्हणजे सुरेखाची ब्रँच. गिटमध्ये कमिट कुठल्या ब्रँचवर असताना केलं याची नोंद कमिटात होतच नाही. मर्क्युरियल या दुसऱ्या व्हर्जन कंट्रोलच्या ‘नेम्ड ब्रँच’मध्ये ती होते, गिटमध्ये नाही. रेघांचे रंग आणि रकाने साधन स्वतःच्या सोयीने ठरवतं, आणि एखादी नवी ब्रँच आली की तीच रेघ उद्या दुसऱ्या रंगात दिसू शकते. भरवसा ठेवायचा तो ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेघा आणि लेबलं यांच्यावर.

दुसरं, ‘ओरिजिन/मेन’ हे लेबल. ते सर्व्हरची आत्ताची स्थिती दाखवत नाही. तुमच्या मशीनने शेवटचं फेच केलं, म्हणजे सर्व्हरवरची नवी कमिटं आणली, तेव्हा सर्व्हर कसा होता, त्याची ती आठवण असते. सकाळी फेच केलं आणि दुपारी ग्राफ पाहिला तर तुम्ही सकाळचा ग्राफ पाहता आहात. बरीच साधनं दर काही मिनिटांनी आपोआप फेच करतात, तरी मर्जच्या आधी स्वतः फेच करा आणि मगच चित्राकडे बघा. फेच निर्धास्तपणे करावं, ते तुमच्या फायलींना हात लावत नाही.

तिसरं, वर-खाली म्हणजे आधी-नंतर असं दर वेळी नसतं. कमिटात दोन तारखा असतात, एक लिहिल्याची आणि एक कमिट झाल्याची. रिबेसनंतर पहिली जुनीच राहते आणि दुसरी बदलते. कुठलं साधन कुठली तारीख दाखवतं ते बघून ठेवा. मंगळवारचं कमिट गुरुवारच्या वर दिसलं म्हणून घाबरायचं नाही, बाण कुठे जातो ते बघायचं.

मेन ब्रँचचा इतिहास वाचण्यासाठी एक पर्याय फार थोड्यांना माहीत असतो: ‘--फर्स्ट-पेरेंट’. सांगलीच्या माणसाला तो हरिपूरला नेऊन समजावता येतो. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. पुढे पाणी दोघींचं, पण नाव कृष्णेचंच. मर्ज कमिटात दोन आयांचा क्रम असतो: तुम्ही ज्या ब्रँचवर उभे राहून मर्ज केलंत ती पहिली, जी आत आणलीत ती दुसरी. ‘--फर्स्ट-पेरेंट’ लावलं की गिट फक्त पहिल्या आईच्या मागे जातं, म्हणजे कृष्णेच्या काठाने वर चालत जातं आणि वारणा, कोयना कुठे मिळाल्या तेवढं सांगतं. चार जणांचं सहा महिन्यांचं काम तीस-चाळीस ओळींत वाचता येतं: ही सोय आली, तो दोष दुरुस्त झाला, हे रिलीज झालं.

पण त्यासाठी क्रम शाबूत राहावा लागतो, आणि तो बिघडवते ती रोजची ‘गिट पुल’ (फेच आणि लगेच मर्ज). समजा तुम्ही मेनवर एक कमिट केलंत, सर्व्हरवर दरम्यान तिघांची कामं आली, तुम्ही पुल केलंत. गिट जुनं असेल किंवा पुल मर्जवर लावलेलं असेल तर गिट मर्ज करतं. त्या वेळी उभे तुम्ही होता, म्हणून पहिली आई तुमचं एकुलतं कमिट आणि दुसरी आई तिघांचं काम. पुश केलंत की सगळ्यांसाठी मुख्य धार तुमची होते. हरिपूरच्या पुढे नदीला वारणा म्हणू लागावं तसं. ग्राफमध्ये हे वेणीसारखं दिसतं, दोन रेघा एकमेकींवरून पुन्हा पुन्हा जाणाऱ्या. तुमचा ग्राफ उघडा, वेणी दिसेलच. उपाय सोपा आहे: मेनवर थेट काम करायचं नाही, आणि चारही मशीनवर पुल ‘--एफएफ-ओन्ली’वर लावायचं. पुढे सरळ जाता येत नसेल तर ते थांबतं आणि तुम्हाला विचार करायला लावतं. आपल्या खाजगी ब्रँचवर हवं तर ‘--रिबेस’ वापरा.

रिबेसवरून एक घटना सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका पतसंस्थेच्या व्याज आकारणीचं काम होतं आणि ३१ मार्च जवळ आला होता. एका कमिटात व्याजाचा दर चुकीच्या तारखेपासून लागत होता. सहकाऱ्याने ते कमिट इंटरॅक्टिव्ह रिबेसने काढून टाकलं आणि फोर्स पुश केलं. ब्रँच सामाईक होती. बाकी दोघांनी नेहमीसारखं पुल केलं. त्यांच्या मशीनवर जुनी कमिटं होतीच, गिटने जुनी आणि नवी दोन्ही मर्ज केली, आणि काढून टाकलेलं कमिट त्या मर्जमधून परत आत आलं. रिलीजच्या आधी तपासणी माझ्याकडे होती. मी यादीतली शेवटची दहा कमिटं पाहिली, सगळी बरोबर होती. ग्राफ उघडला नाही. दोन दिवसांनी शाखेतून फोन आला. तेव्हा ग्राफ पाहिला तर समोर दोन समांतर रेघा, दोन्हींवर तेच संदेश, त्याच क्रमाने, फक्त एकीवर एक ठिपका जास्त. तो ठिपकाच आमची चूक होती. खातेदारांच्या नोंदी दुरुस्त करायला आम्ही रात्री जागलो, आणि त्या माणसांना झालेल्या त्रासाची जबाबदारी माझी होती, कारण सही माझी होती.

जुळ्या रेघांचा हा आकार ओळखायला शिका. सारखे संदेश असलेल्या दोन समांतर फांद्या एका मर्जमध्ये मिळत असतील तर सामाईक ब्रँच कोणीतरी रिबेस केली आहे. पुढे जाऊ नका, आधी बोला. सर्व्हरवर मेन ब्रँचला संरक्षण लावा म्हणजे फोर्स पुश तिथे होणारच नाही. इतरत्र फोर्स करावंच लागलं तर ‘--फोर्स-विथ-लीज’ वापरा. तुमच्या शेवटच्या फेचनंतर सर्व्हरवर कोणी काही टाकलं असेल तर ते नकार देतं. मात्र एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल तर हा पहारा ढिला पडतो, कारण दुसऱ्याचं काम तुम्ही न पाहताच ‘पाहिलेलं’ ठरतं.

आता मर्जमधल्या भांडणाकडे (कॉन्फ्लिक्टकडे) येते, कारण काम खरोखर जातं ते बहुधा तिथे. समजा पट्टीच्या कोडमध्ये मुळात ओळ अशी होती: तोलाई = क्विंटल × ४. एकाने दर सेटिंगमधून घ्यायला सुरुवात केली: तोलाई = क्विंटल × तोलाई_दर. दुसरीने पैसे पूर्णांकात आणले: तोलाई = राउंड(क्विंटल × ४). कॉन्फ्लिक्ट आला. गिट नेहमीप्रमाणे दोनच बाजू दाखवतं, आणि एडिटरमध्ये दोन बटणं येतात, हे घ्या की ते घ्या. नुसत्या या दोन ओळी पाहून काय कळतं? पहिल्याने राउंड काढून टाकलं असंही वाटू शकतं. दुसरीने दर मुद्दाम ४ वर बांधला असंही वाटू शकतं. मूळ ओळ मध्ये दिसली की दोन सेकंदांत उलगडा होतो: एकाने दर बदलला, एकीने राउंड घातलं, आणि उत्तर आहे राउंड(क्विंटल × तोलाई_दर). ते कुठल्याच बटणावर नव्हतं.

म्हणून मर्जचं साधन निवडताना माझी एकच अट असते: मूळ, म्हणजे दोन्ही फांद्या जिथून फुटल्या तिथली प्रत, दिसली पाहिजे. केडिफ३ मध्ये वर तीन खिडक्या येतात, मूळ, आपली, त्यांची, आणि खाली निकाल. पी४मर्जची मांडणीही साधारण तशीच. दोन्ही फुकट मिळतात. व्हीएस कोडच्या मर्ज एडिटरमध्येही मूळ दाखवण्याची सोय आहे, ती चालू करावी लागते. साधन वापरायचं नसेल तर ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ हे सेटिंग ‘झेडडिफ३’ करा, गिट २.३५ पासून ते आहे. मग फाइलमध्ये <<<<<<< आणि ======= यांच्या मध्ये ||||||| अशी एक खूण येते आणि तिच्याखाली मूळ मजकूर. एवढा एक बदल चार मशीनवर केलात तरी अर्धी भांडणं मिटतील, हे मी अनुभवाने सांगते.

एक सापळा आहे. मर्ज करताना ‘अवर्स’ म्हणजे तुमचं आणि ‘देअर्स’ म्हणजे आत येणारं. रिबेस करताना हे उलटतं. रिबेसमध्ये गिट आधी समोरच्या ब्रँचच्या टोकावर जाऊन उभं राहतं आणि तुमची कमिटं एकेक करून तिथे लावतं. त्यामुळे ‘अवर्स’ म्हणजे समोरची ब्रँच आणि ‘देअर्स’ म्हणजे तुमचंच काम. दोन दिवसांचं काम एका क्लिकमध्ये घालवण्याचा हा सर्रास मार्ग आहे. रिबेसच्या मधोमध शब्दांवर विसंबू नका, खिडकीतला मजकूर वाचा.

आणि चित्र कुठे कमी पडतं तेही ऐका. एकाने पट्टीची बेरीज करणाऱ्या फंक्शनचं नाव बदललं, दुसरीने दुसऱ्याच फाइलमध्ये जुन्या नावाने त्याला बोलावलं. मर्ज बिनबोभाट होतो, एकही लाल ओळ येत नाही, आणि प्रोग्राम मोडलेला असतो. गिट ओळी जुळवतं, त्याला अर्थ कळत नाही. तिथे टेस्टच हवी. तुमच्याकडे किमान पट्टीच्या हिशोबाच्या टेस्ट असतील अशी आशा करते. नसतील तर हे सगळं वाचून झाल्यावर आधी त्या लिहा.

फरक पाहण्याबद्दल थोडंच. गिट फरक साठवत नाही, दाखवताना मोजतं, आणि लाल-हिरवं जे दिसतं ते त्या मोजणीचं अनुमान असतं. मूळ पद्धत यूजीन मायर्स यांच्या १९८६ च्या अल्गोरिदमवर बेतलेली आहे, ती कमीत कमी बदल शोधते, त्यामुळे कधीकधी एका फंक्शनचा शेवटचा कंस दुसऱ्याला जोडलेला दिसतो. असं विचित्र दिसलं की ‘--हिस्टोग्राम’ लावून पाहा. कोड नुसता इकडून तिकडे हलवला असेल तर ‘--कलर-मूव्ह्ड’, फक्त मोकळी जागा (स्पेस) बदलली असेल तर ‘-डब्ल्यू’. समोरासमोर दोन खिडक्यांत पाहायचं की एकाखाली एक, हा सवयीचा भाग. लांब ओळींना मला एकाखाली एक सोपं जातं.

साधन कोणतं? गिटके. ते २००५ पासून गिटबरोबरच येतं, पॉल मॅकेरास यांनी लिहिलं, विंडोजवरच्या गिटमध्ये असतंच, उबुंटूवर वेगळं घ्यावं लागतं. दिसायला जुनाट आहे. पण ४ जीबी रॅमच्या मशीनवरही चालतं आणि काही लपवत नाही. ‘गिटके --ऑल’ एवढं लक्षात ठेवा. त्यातून काही बिघडवणं अवघड आहे, म्हणून नव्या मुलांना मी आधी तेच देते. टर्मिनल न सोडणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला टिग आवडेल, ते टर्मिनलमध्येच ग्राफ दाखवतं. कमिट तयार करण्यासाठी, म्हणजे फाइलमधला हा तुकडा घ्यायचा आणि तो नाही हे ठरवण्यासाठी, तुमच्या एडिटरमधली सोय उत्तम आहे. इथे माऊस मला खरोखर कमांडपेक्षा चांगला वाटतो. डीबगसाठी टाकलेली प्रिंटची ओळ बाजूला राहते आणि कमिट स्वच्छ होतं. सोर्सट्री फुकट आहे, पण लिनक्सवर नाही. गिटक्रॅकन देखणं आहे, खाजगी रेपोसाठी पैसे लागतात आणि हलक्या मशीनवर जड जातं. गिटहब डेस्कटॉप नवशिक्यांना सोपं वाटतं, पण त्यात इतिहास यादीच्या रूपात दिसतो, फांद्यांचा ग्राफ दिसत नाही, आणि तुमची अडचण नेमकी तीच असल्यामुळे मी ते तुम्हाला सुचवणार नाही. पैसे खर्च करण्याची गरज मला आत्ता दिसत नाही.

दोष कधी शिरला हे शोधायला ‘गिट बायसेक्ट’ शिका, ते दर तपासणीला उरलेली कमिटं निम्मी करतं. १००० कमिटांत साधारण दहा तपासण्यांत चुकीचं कमिट सापडतं, आणि मधेच ‘गिट बायसेक्ट व्हिज्युअलाइझ’ केलंत तर कुठल्या टप्प्यात शोध उरला आहे ते ग्राफमध्ये दिसतं.

तुमच्या कामात फायलींची नावं मराठीत असणार, म्हणून हेही करा. ‘दरपत्रक’ नावाची फाइल गिट स्टेटसमध्ये \३४०\२४४\२४६ अशा आकड्यांच्या माळेसारखी दिसत असेल. ‘कोअर.कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ करा, नाव देवनागरीत दिसू लागेल. गिटकेसाठी ‘जीयूआय.एन्कोडिंग’ हे ‘यूटीएफ-८’ करा. अक्षराअक्षरातला फरक रंगवणारी साधनं मराठी मजकुरात कधीकधी वेलांटी किंवा काना अक्षरापासून तोडून रंगवतात. ‘कि’चं ‘की’ झालं तर नुसती वेलांटी रंगते आणि काही कळत नाही. तिथे ‘--वर्ड-डिफ’ने शब्दागणिक फरक पाहा.

शेवटची गोष्ट तुम्ही प्रश्नात ओझरती लिहिली आहे, पण मला ती मोठी वाटते: अडत, हमाली, तोलाईचे दुकानवार दर तुम्ही एक्सेलच्या फाइलमध्ये ठेवता आणि ती रेपोत आहे. एक्सेलची फाइल आतून झिप असते. गिटला त्यात ओळी दिसत नाहीत, ते फक्त ‘बायनरी फायली वेगळ्या आहेत’ एवढं सांगतं. दोघांनी ती बदलली तर मर्ज नाही, एकाचं काम जाणार. ग्राफ कितीही चांगला असो, या फाइलवर तो आंधळा आहे. दर सीएसव्हीमध्ये आणा, एका दुकानाची एक ओळ, क्रम ठरलेला. एक्सेलमधून सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. मग ‘गिट ब्लेम’ लावून पाहा. सातबाऱ्यावर प्रत्येक नोंदीशेजारी फेरफार क्रमांक असतो आणि तो घेऊन फेरफार काढला की कोणत्या कारणाने, कोणत्या तारखेला नोंद झाली ते कळतं. ब्लेममध्ये तसंच प्रत्येक दुकानाच्या ओळीशेजारी कमिटाचा क्रमांक येतो. हंगामात सौद्याच्या दिवशी एखादा अडत्या फोन करून विचारेल, आमची तोलाई कोणी वाढवली, तेव्हा त्या क्रमांकावर क्लिक केलंत की नाव, तारीख आणि कमिटाच्या संदेशात लिहिलं असेल तर कारणही त्याला फोन चालू असतानाच सांगता येईल.